नकाशावेड्यांच्या संगतीत

भूगोल विभागातील आमच्या सहकारी सरांनी मला त्यांच्या मंडळात बोलावले ते ऱ्हस्व-दीर्घासाठी. शनिवारी दुपारी तास संपले की आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल प्रयोगशाळेत सात-आठ विद्यार्थी आणि एक-दोन प्राध्यापक जमतात. उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांवरून नंदुरबार जिल्ह्यातील रस्ते, नाले, विहिरी, शाळा आणि पाडे ते संगणकावर रेखाटतात आणि 'ओपनस्ट्रीटमॅप' या जगभरच्या सामाईक नकाशात त्यांची भर घालतात. या मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. नकाशा पाहताना वेळेचे भान सुटावे, एवढीच सभासदत्वाची अट. "नावे देवनागरीत लिहायची आहेत. शुद्धलेखनाचे तेवढे तुम्ही बघा," असे सर म्हणाले. मला वाटले, दोन शनिवारांचे काम असेल. त्याला आता चौथे वर्ष लागले आहे.

नकाशाचे वेड मला तसे नवे नाही. शाळेत असताना वर्गातील भिंतीवर महाराष्ट्राचा मेणकापडी नकाशा टांगलेला असे. त्यात आमचे नंदुरबार धुळे जिल्ह्याच्या रंगात रंगलेले होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. घर तेच, अंगणातला निंब तोच, पत्त्यातला जिल्हा मात्र बदलला. भिंतीवरचा नकाशा बदलायला पुढे बरीच वर्षे गेली. नकाशा जमिनीच्या मागून चालतो, ही गोष्ट तेव्हा प्रथम ध्यानात आली. काही वेळा तो जमिनीच्या पुढेही चालतो, हे कळायला मात्र चाळिशी यावी लागली. त्याविषयी पुढे बोलणार आहे.

नकाशाप्रेमींची मंडळे जगात पुष्कळ आहेत. शिकागोतील नकाशा मंडळ १९७६ सालचे, तर नकाशांच्या संग्राहकांची आंतरराष्ट्रीय संस्था लंडनमध्ये १९८० साली स्थापन झाली. जुने नकाशे मिळवावेत, त्यांच्या कडांवरची जहाजे आणि जलराक्षस निरखावेत, कोणत्या प्रतीत कोणते बेट चुकीच्या जागी पडले आहे यावर तासन्‌तास वाद घालावेत, असा हा शौक. आपल्याकडे १९७९ साली भारतीय राष्ट्रीय मानचित्रण संघटना उभी राहिली, ती मुख्यतः या विषयातील व्यावसायिकांची आणि अभ्यासकांची. हौशी माणसाला आपल्या देशात नकाशाशी सलगी करणे दीर्घकाळ सोपे नव्हते. १७६७ साली स्थापन झालेले भारतीय सर्वेक्षण खाते हे जगातील जुन्या सर्वेक्षण संस्थांपैकी एक. पण त्याचा जन्म कंपनी सरकारच्या राज्यविस्ताराच्या गरजेतून झाला आणि नकाशा ही राखून ठेवण्याची वस्तू आहे, हा संस्कार स्वातंत्र्यानंतरही टिकला. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकाला मिळत नसत. २००५ सालच्या नकाशा धोरणाने दार थोडे किलकिले झाले आणि फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही.

यादरम्यान, २००४ साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात झाली होती. ज्याला जो भाग ठाऊक, त्याने तो रेखाटावा. दुसऱ्याने तो तपासावा. आणि तयार झालेला नकाशा सर्वांचा असावा, अशी ही कल्पना. आपल्याकडच्या पारायणाशी किंवा सामुदायिक विहीर खोदण्याशी तिचे नाते सांगता येईल. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा नकाशा काही दिवसांत भरून काढला आणि मदतपथकांनी तो प्रत्यक्ष वापरला. २०१८ च्या केरळातील महापुरातही अशा नकाशावेड्यांनी हात चालवले. संग्राहकांच्या मंडळात नकाशा हा कपाटात जपण्याचा ऐवज असतो, येथे तो रोज अपुरा राहणारा मजकूर असतो. साहित्याच्या माणसाला हा दुसरा प्रकार अधिक जवळचा वाटावा, यात नवल नाही.

असो. मूळ मुद्दा ऱ्हस्व-दीर्घाचा होता.

माझ्यासमोर पहिल्या दिवशी जी यादी आली, तिच्यात 'तलोदा' हा शब्द होता. तळोद्याचे तलोदा कसे झाले, हे शोधायला दूर जावे लागले नाही. इंग्रजांच्या सर्वेक्षकांनी आपल्या गावांची नावे कानांनी ऐकून रोमन लिपीत उतरवली. रोमन लिपीला 'ळ' नाही. 'ण' आणि 'न', 'ट' आणि 'त' यांतला भेदही तिला सांगता येत नाही. पुढे कधीतरी हीच रोमन नावे कोणी यंत्राने, कोणी माणसाने पुन्हा देवनागरीत आणली आणि गाव परदेशी जाऊन आलेल्या नातेवाइकासारखे थोडे वेगळे बोलू लागले. ही चूक दुरुस्त करताना मला परीक्षकाचे सुख मिळत होते. तळोदा, रोषमाळ, मोलगी, तोरणमाळ अशी नावे मी नीट करीत गेलो.

नावांच्या या कामात मला सतत राजवाड्यांची आठवण होत असे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रातील स्थलनामांच्या व्युत्पत्तीचा ध्यास घेतला होता. गावाचे नाव हा वसाहतीचा पुरावा आहे, ही त्यांची धारणा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. म्हणजे नावांकडे पुरावा म्हणून पाहण्याची ही परंपरा आमच्या खानदेशाला परकी नव्हे. आमच्याच जिल्ह्यात एका तालुक्याला कागदोपत्री 'अक्राणी' म्हणतात आणि त्याचे मुख्य ठिकाण आहे धडगाव. लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. तेथील नगरपंचायतीचे पूर्ण नाव 'धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक'. या एका नावात तीन वस्त्या आहेत; त्यातल्या 'फळ्या'त मला वस्तीचा वाचक असलेला भिली 'फळिया' ऐकू येतो, तर 'बुद्रुक' फारसीतून आलेले. दोन लिप्यांतला फरक मला दुरुस्त करता येत होता, पण एका नावात नांदणाऱ्या एवढ्या भाषांचे काय करायचे?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता, हे लवकरच दिसून आले. एका शनिवारी सातपुड्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने आपला पाडा नकाशावर नोंदवला. तेथवर त्या ठिकाणी नुसता हिरवा रंग होता. तिने लिहिलेल्या नावात मला एक अनुस्वार अनाठायी वाटला आणि शेवटचा स्वर ऱ्हस्व. मी सवयीने दोन्ही दुरुस्त केले. तिने ते वाचले, काही क्षण ती गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, असा पाडा आमच्याकडे नाही."

मराठीचा अध्यापक म्हणून मी आयुष्यात पुष्कळ चुका दाखवल्या आहेत. इतक्या सौम्यपणे माझी चूक मला क्वचितच कोणी दाखवली असेल. तिची भाषा पावरी. नाकातून निघणारा तो स्वर माझ्या कानाने टाकून दिला होता, जसा दोनशे वर्षांपूर्वी सर्वेक्षकाच्या कानाने 'ळ' टाकून दिला असेल. तळोद्यासाठी ज्यांच्यावर मी चिडलो होतो, त्यांच्याच रांगेत मी उभा होतो. फरक एवढाच की माझ्या हातात रोमन लिपीऐवजी प्रमाण मराठी होती. सुदैवाने या नकाशात एका ठिकाणासाठी नावांचे अनेक रकाने असतात. स्थानिक उच्चाराचे नाव, मराठी नाव, इंग्रजी नाव, पर्यायी नाव अशी सर्व नावे शेजारी शेजारी राहू शकतात. त्या दिवसापासून आम्ही नियम केला : पहिले नाव तेथे राहणाऱ्याच्या तोंडचे, प्रमाणलेखन नंतर. शुद्धलेखनासाठी बोलावलेला माणूस स्वतःच दुरुस्त झाला.

याच सुमारास आमच्या मंडळाची एक छोटी सहल नवापूरला गेली. नवापूरचे रेल्वेस्थानक नकाशावेड्यांचे तीर्थक्षेत्रच म्हणावे लागेल. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा त्यांची सीमा या स्थानकातून गेली. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे. त्याच्या एका अर्ध्यावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या अर्ध्यावर गुजरात असे रंगवलेले. गाडी थांबली की लोक उतरून त्या बाकावर बसून छायाचित्र काढतात. आमच्या मुलांनीही काढले. नकाशातली रेषा जमिनीवर अशी रंगाने उमटलेली पाहायला मिळणे, आणि तिच्यावर हसत बसता येणे, हे दुर्मीळ सुख आहे. परतताना गाडीत भूगोलाचे सर म्हणाले, "ही रेषा माणसांना दिसते म्हणून निरुपद्रवी आहे."

त्यांच्या मनात कोणती रेषा होती, हे मला पुढच्या महिन्यात कळले.

आम्ही अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर पायवाटा आणि पाणवठे नोंदवायला गेलो होतो. येथील कित्येक वस्त्या दीर्घकाळ वनगावे म्हणून राहिल्या. महसुली दप्तराला त्यांची ओळख उशिरा पटली. त्यामुळे येथे नकाशा हा छंदाचा विषय राहत नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही जमीन कसत होतो, हे शेतकऱ्याने दाखवायचे. त्याला चार हेक्टरच्या मर्यादेत तिच्यावरचा हक्क मिळू शकतो. त्यासाठी कोणकोणते पुरावे चालतील, याची यादी या कायद्याच्या नियमांत आहे आणि एखाद्या कवितेसारखी ती मी अनेकदा वाचली आहे. तिच्यात सरकारी नकाशे आणि उपग्रहचित्रे आहेत. बांध, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने आहेत. आणि गावातील वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही आहे. आकाशातून काढलेले छायाचित्र आणि म्हाताऱ्या माणसाची आठवण यांना एकाच यादीत बसवणारा दुसरा दस्तऐवज माझ्या पाहण्यात नाही. शेजारच्या गुजरातेत 'आर्च वाहिनी' या संस्थेने गावकऱ्यांच्या हाती जीपीएस यंत्रे देऊन शेतांची मोजणी करवली आणि ती उपग्रहचित्रांवर बसवून दाखवली, तेव्हा नकाशा दावेदाराच्या बाजूने बोलू लागला. आमचे मंडळ दाव्यांच्या नकाशांत हात घालीत नाही. ते ग्रामसभेचे काम आहे. पण पायवाट, झरा आणि पाड्याचे नाव सर्वांच्या नकाशात असणे हाही एक आधार आहे, असा आमचा समज.

त्या पाड्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्या मुलांच्या हातातील मोबाइलकडे बराच वेळ पाहत होते. आमच्या विद्यार्थिनीने त्यांना काम समजावून सांगितले. ते जे बोलले, ते तिने मला मराठीत सांगितले : "बाबा विचारतात, तुमच्या नकाशात आलो तर कोण येईल?" मी म्हणालो, डॉक्टरची गाडी येईल, रस्ता येईल. तिने ते त्यांना सांगितले. ते हसले, उत्तर दिले आणि उठून गेले. तिने पुष्कळ आढेवेढे घेऊन सांगितले, "बाबा म्हणतात, मागे खाली नदीकाठीही माणसे नकाशा घेऊन आली होती. त्यांनी दगड रोवले. मग पाणी आले."

नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारी महाराष्ट्रातील ३३ गावे अक्कलकुवा आणि अक्राणी या आमच्या दोन तालुक्यांतली. पाणी कुठवर चढेल ही रेषा आधी नकाशावर आखली गेली, मग मोजणीचे दगड डोंगरावर आले, मग पाणी. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत ते शिरले. नकाशा काही वेळा जमिनीच्या पुढे चालतो असे मी म्हणालो, ते हे. नवापूरच्या बाकावरची रेषा दिसते. बुडिताची रेषा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ती पाणी आल्यावरच कळते. त्या गृहस्थांचा पाडा आम्ही नकाशात घातला नाही. ग्रामसभेत विषय निघू द्या, मग पाहू, असे ठरवून परतलो. पाच महिन्यांनी तिकडून निरोप आला की शाळेचा रस्ता आणि झरा दाखवा, घरे दाखवू नका. आम्ही तसेच केले. हिरव्या रंगातून एक बारीक रेघ जाते आणि एका ठिकाणी थांबते. तिच्या टोकाला काय आहे, हे ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ठाऊक आहे.

आमच्या मंडळात खरा वाद झाला तो याहून वेगळ्या गोष्टीवरून. तळोदा तालुक्यातील एका पुनर्वसन वसाहतीतून येणारा एक विद्यार्थी आहे. नर्मदाकाठचे आपल्या आजोबांचे गाव त्याने पाहिलेले नाही. एका दुपारी त्याने सरोवराच्या निळ्या रंगावर एक ठिपका ठेवला आणि गावाचे नाव लिहिले. भूगोलाच्या सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "हे काढावे लागेल." या नकाशाचा पहिला नियमच असा की जमिनीवर जे आज आहे तेवढेच नकाशात असावे. उद्या एखादा नावाडी किंवा रुग्णाला नेणारी बोट या ठिपक्याकडे गाव समजून निघाली तर?

मी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने तावातावाने बोललो. नकाशा जर फक्त आजचा असेल, तर त्याचा आणि विस्मरणाचा फरक काय, असे काहीतरी म्हणालो. बोलणे चांगले झाले असावे, कारण दोन मुलांनी माना डोलावल्या. पण सर शांतपणे म्हणाले, "तुमचे म्हणणे वाङ्मयात खरे आहे. बोटीवाल्याला ते सांगता येईल का?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. तो ठिपका त्या विद्यार्थ्याने स्वतःच काढला.

पण सरांनीच त्याला दुसरी वाट दाखवली. याच पद्धतीने चालणारा 'ओपनहिस्टॉरिकलमॅप' नावाचा एक वेगळा नकाशा आहे. त्यात पूर्वी असलेल्या गोष्टीही नोंदवता येतात. प्रत्येक गोष्टीला दोन तारखांचे रकाने असतात : केव्हापासून आणि केव्हापर्यंत. हे ऐकून विद्यार्थी आनंदाने घरी गेला, तो आजीला विचारायला. पुढच्या शनिवारी तो गोंधळलेला परत आला. पहिल्या तारखेचा प्रश्नच नव्हता. गाव कायमचेच होते, असे आजीचे म्हणणे. दुसरी तारीख मात्र तिला सांगता येईना. आधी नदीकाठचे खालचे शेत गेले, पाणी ओसरले, पुन्हा पेरले. मग आंब्याची झाडे गेली. घर वर सरकवले. पुन्हा वर सरकवले. मधल्या काळात काही कुटुंबे वसाहतीत आली, काही डोंगराच्या वरच्या अंगाला चढून राहिली. धरणाची भिंतही टप्प्याटप्प्याने चढत होती. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २००६ मध्ये उंची सुमारे १२२ मीटर झाली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. यांपैकी गाव कोणत्या दिवशी संपले? आजीने उलट त्याला विचारले, "वर राहतात ते तुझे काका कोणत्या गावचे?"

त्या दिवशी आमच्या टेबलाभोवती बराच वेळ कोणी बोलले नाही. मी वीस वर्षे वर्गात काळ, स्थळ आणि अवकाश यांवर बोलत आलो आहे. कादंबरीतल्या काळाविषयी विद्यार्थ्यांनी माझ्याच टिपणांवरून उत्तरे लिहिली आहेत. एका रिकाम्या रकान्यापुढे त्यातले काही कामी आले नाही. नकाशाप्रेमींची संगत मला यासाठी मोलाची वाटते. आमच्या क्षेत्रात संदिग्धतेचे कौतुक करून सुटता येते. येथे रकान्यात काहीतरी भरावे लागते किंवा तो रिकामा ठेवावा लागतो, आणि दोन्हींचा अर्थ होतो.

विद्यार्थ्याने शेवटी आपल्या आजोबांच्या जुन्या घरापुरती तारीख घातली. ज्या पावसाळ्यात ते घर मोडून वर नेले, त्या पावसाळ्यात त्याच्या आत्याचा जन्म झाला होता. त्यावरून साल निघाले. आंब्याच्या झाडांनाही त्याने अंदाजे साल दिले. गावाच्या नावापुढचा 'केव्हापर्यंत' हा रकाना मात्र त्याने तसाच ठेवला. त्या नकाशात ज्या गोष्टीला शेवटची तारीख नसते, ती अजून आहे असे धरले जाते. हे त्याला ठाऊक होते. मी सरांकडे पाहिले. नोंदी तपासण्याचे काम त्यांचे. त्यांनी चष्मा पुसला, घराची तारीख एकदा ताडून पाहिली, आंब्यांची पाहिली, आणि पुढच्या नोंदीकडे वळले.